तीन नंबरच्या गाडीतला बाप

१८ फेब्रुवारी २००१ च्या रविवारी अमेरिकेत फ्लॉरिडामधल्या डेटोनाच्या ट्रॅकवर एकाच मोटारशर्यतीत दोन अपघात झाले. पहिल्यात सुमारे दीड डझन गाड्या एकमेकींवर आदळल्या. टोनी स्टुअर्टची गाडी हवेत उडाली, कोलांट्या खात इतर गाड्यांच्या अंगावरून गेली, तिचे पत्रे चौफेर विखुरले. स्टुअर्ट खांद्याच्या दुखापतीवर निभावला आणि पुढच्याच रविवारी पुन्हा शर्यतीत उतरला. दुसरा अपघात शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणावर झाला. तीन नंबरची एक काळी गाडी किंचित डळमळली, एकाएकी वर चढून काँक्रीटच्या भिंतीवर आपटली आणि घसरत खाली गवतावर येऊन थांबली. पाहणाऱ्याला वाटावं, असल्या धडका तर दर आठवड्याला होतात. पण त्या गाडीत बसलेला डेल अर्नहार्ट तेव्हाच संपला होता. वय ४९.

कॅमेऱ्याला दिसलेलं आणि खरोखर घडलेलं यांतलं हे अंतर डेल अर्नहार्टवरच्या प्रत्येक माहितीपटाला ओलांडावं लागतं. त्याच्यावर माहितीपट बरेच निघाले. त्यांतले दोन लागोपाठ पाहण्यासारखे आहेत. २००७ चा ‘डेल’, ज्याचं निवेदन पॉल न्यूमनने केलं, आणि मे २०२५ मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेला जोशुआ ऑल्टमन दिग्दर्शित चार भागांचा ‘अर्नहार्ट’. माणूस तोच, शर्यती त्याच, पुष्कळशी चित्रफीतही तीच. मधल्या अठरा वर्षांत त्याची थोरली मुलं मात्र पन्नाशीला पोहोचली, आणि त्यामुळे गोष्टच बदलली.

आपल्याकडे मोटारशर्यत म्हटलं की फॉर्म्युला वन आठवते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावांत मात्र पिढ्यानपिढ्या जीव जडला आहे तो स्टॉक कारवर. दिसायला ती तुमच्या-आमच्या दारात उभी असते तशी बंद गाडी. सुरुवातीला तर दुकानातून आणलेल्या गाड्याच पळवत. दारूबंदीच्या काळापासून तिथल्या डोंगराळ भागात चोरटी दारू पोहोचवणारी पोरं पोलिसांना हुलकावणी देण्यासाठी इंजिनं ताकदवान करून घेत; मग कुणाची गाडी जास्त पळते यावर पैजा लागू लागल्या. या विस्कळीत शर्यतींना बिल फ्रान्स या खटपट्या गृहस्थाने शिस्त लावली आणि १९४८ मध्ये नॅस्कार ही संघटना स्थापन झाली. १९५९ मध्ये डेटोनाचा अडीच मैलांचा ट्रॅक खुला झाला. त्याची वळणं ३१ अंशांत कललेली आहेत, पायी चढायला गेलं तर हात टेकावे लागतील इतकी. दोनशे फेऱ्या, पाचशे मैल, म्हणजे सुमारे आठशे किलोमीटरची ‘डेटोना ५००’ ही तिथली सर्वांत मानाची शर्यत.

या ट्रॅकवर एकटी गाडी फारशी पुढे जात नाही. दोन गाड्या नाकाला शेपूट लावून धावल्या, तर पुढची हवा कापते आणि मागची तिच्या आडोशाने धावते. मागे हवेची ओढ कमी झाल्याने पुढच्या गाडीचाही वेग वाढतो. म्हणून चाळीसेक गाड्या तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने, हाताच्या अंतरावर, तासन्‌तास धावत राहतात. कधी कुणाच्या मागे लागायचं आणि कधी त्याला सोडून बाहेर पडायचं, हे ज्याला कळलं तो जिंकला. अर्नहार्टला हवा डोळ्यांनी दिसते, असं त्याचे प्रतिस्पर्धी म्हणत. ऑक्टोबर २००० मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर जेमतेम पाच फेऱ्या उरल्या असताना तो अठराव्या क्रमांकावर होता. ती शर्यत त्याने जिंकली. त्याचा तो ७६ वा आणि अखेरचा विजय.

सात वेळा नॅस्कारचं अजिंक्यपद मिळवून त्याने रिचर्ड पेटी या दिग्गज चालकाच्या विक्रमाची बरोबरी केली होती. पण लोकांच्या मनात बसली ती त्याची ढंगदार, आडदांड शैली. पुढची गाडी वाट देत नसेल तर तो मागून हलकेच दणका द्यायचा. १९९९ मध्ये ब्रिस्टलच्या ट्रॅकवर शेवटच्या फेरीत त्याच्या अशाच धक्क्याने टेरी लाबाँटी गर्रकन फिरला, अर्नहार्ट जिंकला, आणि अख्ख्या स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. काळी गाडी, काळा चष्मा, झुपकेदार मिशी. निम्मे लोक त्याला डोक्यावर घेत, निम्मे शिव्या घालत. तिकिटं दोघेही काढत.

न्यूमनच्या आवाजातला ‘डेल’ या माणसाला मानवंदना देतो. तो तयार झाला तेव्हा मृत्यूला जेमतेम सहा वर्षं झाली होती, आणि नॅस्कारचा चित्रणविभागच निर्मितीत सहभागी होता. तिथे परखड झाडाझडतीची अपेक्षा करणं योग्य नव्हे. निवेदकाची निवड मात्र अचूक होती. न्यूमन नुसता नट नव्हता. १९७९ च्या ल मान्स शर्यतीत त्याचा चमू दुसरा आला होता. ‘कार्स’ या २००६ च्या ॲनिमेशनपटातल्या डॉक हडसन या जुन्या शर्यतपटू गाडीचा आवाजही त्याचाच. त्याच चित्रपटात डेलच्या मुलाने, धाकट्या डेल अर्नहार्टनेही एका गाडीला आवाज दिला आहे. ज्या मराठी घरांत मुलांनी ती सीडी झिजेपर्यंत पाहिली, त्या घरांत बाप-लेकांच्या या जगाची चाहूल आधीच पोहोचलेली आहे.

या माहितीपटात डेलचं काळजाला भिडणारं यश येतं ते १९९८ चं. सात अजिंक्यपदं मिळाली, तरी डेटोना ५०० त्याला सतत हुलकावणी देत होती. १९९० मध्ये तो जवळपास सबंध शर्यत पुढे होता आणि शेवटच्या फेरीत टायर फाटलं. १९९७ मध्ये गाडी उलटली. त्याला रुग्णवाहिकेकडे नेलं. तिथून त्याने मागे वळून पाहिलं, गाडीची चारही चाकं शाबूत दिसली, तेव्हा तो परत फिरला, इंजिन सुरू करून बघायला सांगितलं, ते सुरू झालं, आणि तो चेपलेल्या गाडीत बसून शर्यत पुरी करायला निघून गेला. अखेर १९९८ ला, विसाव्या प्रयत्नात, तो जिंकला. गाडी हळूहळू पिटच्या, म्हणजे संघांच्या थांब्यांच्या, रस्त्याने येत होती आणि सगळ्या संघांचे मेकॅनिक, ज्यांना तो वर्षानुवर्षं हरवत आला होता ते सगळे, रांगेने पुढे येऊन खिडकीतून त्याच्या हाताला हात लावत होते. अशी दृश्यं कुणी ठरवून घडवू शकत नाही.

ऑल्टमनची मालिका हेच सगळं दाखवते आणि मग घरात शिरते.

अर्नहार्ट कुटुंब नॉर्थ कॅरोलायनामधल्या कॅनापोलिसचं. टॉवेल आणि चादरींच्या कॅनन गिरण्यांभोवती वसलेलं हे गाव. घरं गिरणीची, पगार गिरणीचा, भोंग्यावर चालणारा दिवस. आपल्या गिरणगावासारखंच. डेलचे वडील राल्फ यांनी गिरणीची नोकरी सोडली आणि घरामागच्या गॅरेजमध्ये गाड्या बांधून मातीच्या ट्रॅकवर शर्यती करून पाच मुलांचं पोट भरलं. हरलं तर घरात पैसा नाही, इतका सरळ हिशेब. डेलने शाळा अर्धवट सोडली, ते राल्फना फार लागलं. बाप-लेकांत अबोला आणि ताण राहिला. सप्टेंबर १९७३ मध्ये हृदयविकाराने राल्फ गेले, पंचेचाळिसाव्या वर्षी. डेल तेव्हा २२ वर्षांचा होता, कर्जात बुडालेला, दुसऱ्या संसारात गुरफटलेला. वडिलांनी पाठीवर हात ठेवावा असं काही करून दाखवण्याची संधी कायमची हुकली. पुढची सगळी अजिंक्यपदं तो कुणाला दाखवायला मिळवत होता, हे मालिका पाहताना उमजत जातं.

आणि मग तोच डेल बाप होतो. लग्नं तीन, मुलं चार. थोरला केरी लहानपणीच दुरावला आणि सोळाच्या आसपास असताना बापाला नव्याने भेटला. केली आणि डेल ज्युनिअर आईकडे राहत होती. घर आगीत जळालं तेव्हा ती वडिलांकडे आली. वडील बहुतेक दिवस शर्यतींच्या गावी. ज्युनिअर शाळेत धड राहीना, तेव्हा त्याची रवानगी लष्करी शिस्तीच्या निवासी शाळेत झाली. पोरगा तिथे एकटा पडेल म्हणून त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी केली आपण होऊन त्या शाळेत गेली. ही एक गोष्ट या कुटुंबाबद्दल जितकं सांगते, तितकं ७६ विजयांची यादी सांगत नाही. पुढे ज्युनिअर वडिलांच्या नावाच्या शोरूममध्ये गाड्यांचं ऑइल बदलायचं काम करत होता. देशातला सर्वांत नावाजलेला चालक वडील, आणि मुलगा गाड्यांखाली झोपून नट सोडवतोय. स्वतः सोसलं ते मुलांनीही सोसावं, त्यानेच माणूस घडतो, ही डेलची श्रद्धा होती. केलीही उत्तम गाडी चालवायची. पुढे ती भावासोबत त्यांच्या शर्यतसंघाची धुरा सांभाळू लागली.

मालिका बापाला खलनायक करत नाही, हे तिचं मोठेपण. २००० च्या एप्रिलमध्ये टेक्सासला ज्युनिअरने पहिली मोठी शर्यत जिंकली तेव्हाचा डेल पाहावा: मिशीखालून ओसंडणारं हसू, पोराला कवेत घेण्याची धांदल. प्रेम होतंच. ते व्यक्त करायची वाट मात्र त्याला ट्रॅकवरच सापडली, आणि ती सापडल्यावर त्यांना एक वर्षही पुरतं मिळालं नाही.

पुन्हा त्या रविवारकडे. शेवटच्या फेरीत पुढे धावत होता मायकेल वॉल्ट्रिप, त्याच्या मागे ज्युनिअर. दोन्ही गाड्या डेलच्याच मालकीच्या. वॉल्ट्रिपने त्याआधी ४६२ शर्यतींत एकही जिंकली नव्हती. इतरांनी हात टेकले तेव्हा डेलने त्याला गाडी दिली होती. स्वतः डेल तिसरा राहून मागून येणाऱ्यांना अडवत होता. आयुष्यभर कुणाला पुढे जाऊ न देणारा माणूस आपल्या दोघांना पुढे काढण्यासाठी झटत होता. वॉल्ट्रिप जिंकला, ज्युनिअर दुसरा आला, आणि ज्युनिअर गाडीतून उतरून वडिलांकडे धावला.

अपघातात नेमकं काय झालं? सीटच्या पट्ट्यांनी छाती जागच्या जागी धरून ठेवली, पण डोकं कशानेच बांधलेलं नव्हतं. भिंतीवर आपटताच ते झटक्याने पुढे फेकलं गेलं आणि मान जिथे कवटीला मिळते तिथलं हाड फुटलं. स्टुअर्टची गाडी उडत-गडगडत गेली, त्यात धक्क्याची ताकद थोडी थोडी विरत गेली. डेलच्या गाडीने ती एका क्षणात झेलली. हा धोका टाळणारं साधन आधीच अस्तित्वात होतं. बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी खांद्यांवर बसणारं आणि हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेलं ‘हान्स’ तयार केलं होतं. फार थोडे चालक ते वापरत. डेल त्याची टिंगल करायचा; डोळ्यांपुरता गॉगल लावून उघड्या चेहऱ्याचं हेल्मेट घालण्यातही त्याला अभिमान होता. त्याआधीच्या अवघ्या नऊ महिन्यांत ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर असे तीन चालक नॅस्कारच्या ट्रॅकवरच्या अपघातांत दगावले होते. तरी बदल होत नव्हता.

अपघातानंतर नॅस्कारने आधी बोट ठेवलं ते सीटच्या एका तुटलेल्या पट्ट्यावर. ‘ऑर्लँडो सेंटिनेल’ या दैनिकाने शवविच्छेदनाची छायाचित्रं तज्ज्ञाला दाखवावीत अशी मागणी केली. ती छापायची नव्हती, कारण शोधायचं होतं. अर्नहार्ट कुटुंबाने विरोध केला. तडजोड होऊन ड्यूक विद्यापीठातले डॉ. बॅरी मायर्स यांनी छायाचित्रं तपासली आणि डोक्याला बसलेला झटका हेच कारण असल्याचा निर्वाळा दिला. त्याच मार्चमध्ये फ्लॉरिडाने कायदा करून अशी छायाचित्रं जनतेसाठी बंद केली. शोकात असलेल्या घराची बाजू आणि सत्य हवं असणाऱ्यांची बाजू, दोन्हींत बळ होतं. तपासणी झाली नसती तर तुटलेल्या पट्ट्यावरच प्रकरण मिटलं असतं, असं मात्र वाटत राहतं. ऑक्टोबर २००१ मध्ये नॅस्कारने डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं. नेब्रास्का विद्यापीठात विकसित झालेली, धक्का शोषून घेणारी पोलाद आणि फोमची भिंत २००२ मध्ये इंडियानापोलिसला पहिल्यांदा बसली, मग इतर ट्रॅकवर. त्यानंतरच्या दोन दशकांत नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत एकाही चालकाचा शर्यतीत मृत्यू झाला नाही.

ज्युनिअर १६ वर्षं आणखी शर्यती करत राहिला. जुलै २००१ मध्ये त्याच डेटोनावर जिंकला. पुढे दोनदा डेटोना ५००ही. त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसाचा निर्णय मात्र ऑक्टोबर २०१२ मधला आहे. अजिंक्यपदाची झुंज चालू असताना डोक्याला बसलेल्या दोन धक्क्यांनंतर काहीतरी बिघडल्याचं त्याला जाणवलं. बाहेरून काही दिसत नव्हतं, तो गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. त्याने आपणहून डॉक्टर गाठला आणि दोन शर्यती सोडल्या. २०१६ मध्ये पुन्हा तो त्रास उफाळला तेव्हा अर्धा मोसम घरी बसला, उपचार घेतले आणि पुढे आपल्या मेंदूच्या दुखापतीबद्दल पुस्तक लिहिलं. मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी देण्याचं तर त्याने त्याआधीच जाहीर केलं होतं.