वय आणि माशांचे रंग

वयाबरोबर माशाचा रंग कसा पालटतो हें पाहण्यासाठीं कांचपेटी विकतच आणली पाहिजे असें नाहीं. पावसाळ्यांत धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या तलावाच्या कांठीं उभें राहिल्यास उथळ पाण्यांत तांबूस-नारिंगी पिलांचा घोळका एकाच जागीं वरखालीं होतांना क्वचित् दिसतो. त्याच्या जवळच काळपट अंगाचा मोठा मासा पहारा करीत असतो. तीं मरळीचीं पिलें होत. नवख्याला दोन वेगळ्या जाती वाटाव्या इतका त्यांच्या रंगांत फरक असतो. पुढें पिलें वाढतात, घोळका मोडतो, आणि नारिंगी रंग मावळून चिखलाशीं मिळतें असें करडें-हिरवट कातडें उरतें.

घरोघरच्या कांचपेटींतील सुवर्णमत्स्याची गोष्ट नेमकी उलट आहे. सुमारें हजार वर्षांपूर्वीं चीन देशांत एका मळकट रंगाच्या माशापासून निवडीनें ही जात तयार झाली, आणि त्या पूर्वजाची खूण प्रत्येक पिलाच्या अंगावर अजून उमटते. पिलें प्रथम मातकट असतात. कांहीं महिन्यांनीं त्यांच्या कातड्यांतील काळ्या रंगाच्या पेशी नाश पावतात व खालचा सोनेरी रंग उघडा पडतो. कांहींच्या बाबतींत हें कधींच घडत नाहीं. तीं जन्मभर मातकटच राहतात. म्हातारपणीं नारिंगी रंगाच्या पेशीही कमी होऊं लागतात आणि रुपेरी पांढरेपणा दिसूं लागतो. इंग्लंडमधील नॉर्थ यॉर्कशायर येथें टिश नांवाचा असा एक मासा होता. १९५६ सालीं तो जत्रेंत बक्षीस म्हणून मिळाला आणि १९९९ सालीं मेला. अखेरच्या वर्षांत त्याचें सोनें जाऊन रुपें झालें होतें.

माशाचा रंग म्हणजे वरून दिलेला लेप नव्हे. कातड्यांत निरनिराळ्या पेशी असतात: कांहींत काळें द्रव्य, कांहींत पिवळें अथवा तांबडें, तर कांहींत प्रकाश परतविणारे बारीक स्फटिक. रुपेरी चकाकी आणि पुष्कळसा निळा रंग या स्फटिकांचाच खेळ असतो. काळें द्रव्य पेशीभर पसरलें कीं मासा गडद दिसतो, मध्यभागीं गोळा झालें कीं फिका. म्हणून पांढऱ्या तळाच्या भांड्यांत ठेवलेला मासा फिकटतो आणि काळ्या वाळूवर गडद होतो. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानें १९११ च्या सुमारास दाखवून दिलें कीं आंधळ्या केलेल्या माशालाही उजेड व अंधार यांचा भेद कळतो आणि त्याप्रमाणें त्याचा रंग पालटतो. कारण मेंदूच्या माथ्यावरील एक भाग प्रकाश ओळखतो.

तांबड्या-पिवळ्या द्रव्यांची गोष्ट वेगळी. मासा तीं मुळापासून स्वतः बनवूं शकत नाहीं. अन्नांतूनच मिळवावीं लागतात. शेजारच्या सोलापूर व पुणें जिल्ह्यांतील उजनी जलाशयावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही असाच उसना असतो. नुसत्या पिठाच्या गोळ्यांवर ठेवलेला मासा फिकट पडला तर तो म्हातारा झाला असें समजण्याचें कारण नाहीं. शेवाळ अथवा वाळविलेली कोळंबी ज्यांत आहे असें खाद्य देऊन पाहावें. पेशीच नाहींशा झाल्या असतील तर मात्र कोणत्याही खाद्यानें गेलेला रंग परत येत नाहीं, दुकानदार कांहींही म्हणो.

खरी चूक घडते ती येथेंच. पाण्याच्या दोषानें आलेली अवकळा वयावर ढकलली जाते आणि वांचण्याजोगा मासा मरतो. वयाचा फिकेपणा हळूहळू येतो. मासा खातो, पोहतो, पर पसरून ठेवतो. दोन दिवसांत रंग उडाला, पर मिटले, मासा पृष्ठभागाशीं येऊन श्वासासाठीं धडपडूं लागला, तर आधीं पाणी पाहावें. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पाणी बदलणें जिवावर येतें, आणि आटलेल्या पाण्यांत नुसती भर घालण्याची संवय लागते. परंतु वाफ होऊन जातें तें केवळ पाणी. क्षार मागेंच राहतात. काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी बहुधा आधींच जड, तें दर भरीगणिक अधिक जड होत जातें, आणि माशाच्या मळापासून होणारा अमोनियाही साठत राहतो. भर घालण्यापूर्वीं थोडें जुनें पाणी काढून टाकणें अवश्य आहे. तें फुलझाडांना घातलें कीं वायां जात नाहीं. नळाच्या पाण्यांत केवळ क्लोरिन असेल तर तें उघड्या भांड्यांत दिवसभर ठेवून मग वापरावें.

अमोनियानें पोळलेल्या सुवर्णमत्स्याच्या अंगावर पुढें काळे डाग उमटतात. ते पाहून पुष्कळजण घाबरतात व औषधें ओततात. वास्तविक ते डाग बहुधा जखम भरून येत असल्याचें चिन्ह असतात. पाणी स्वच्छ राहिलें तर कांहीं आठवड्यांत ते आपोआप विरून जातात.