हिवतापाची अर्धीच ढाल

गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेरीस वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्याच वर्षी हिवतापाने त्यांना गाठले आणि उपचारासाठी वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात हलवावे लागले. पुढे १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना ते पुन्हा हिवतापाने आजारी पडले. गोवर सहसा एकदाच होतो. मग हिवताप पुन्हा पुन्हा का येतो?

फाल्सिपेरम हा हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी. तो रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि तिच्या पृष्ठभागावर स्वतःचे प्रथिन मांडतो. त्यामुळे ती पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि प्लीहेत नष्ट होण्यापासून वाचते. या प्रथिनाची सुमारे ६० जनुके परजीवीजवळ असतात. शरीराने एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करेपर्यंत तो बहुरूप्यासारखे दुसरे सोंग घेतो.

तरीही प्रत्येक लागणीत शरीर काही सोंगे ओळखायला शिकते. आधी जीवघेण्या आजारापासून संरक्षण मिळते आणि पुढे अनेक वर्षांनी तापही कमी येतो. १९६१ मध्ये गॅम्बियातल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडे आजारी मुलांना दिली, तेव्हा त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले. पण ही ढाल अर्धीच असते. परजीवी पूर्ण जात नाहीत. ताप नसलेल्या माणसाच्या रक्तातूनही ते डासामार्फत दुसऱ्याकडे पोहोचतात. लागण थांबली की काही वर्षांत संरक्षणही ओसरते. पहिलटकरणीला तर नवाच धोका असतो, कारण वारेत चिकटणारे प्रथिन तिच्या शरीराने आधी पाहिलेलेच नसते.

या प्रतिकारशक्तीची किंमत लहान मुले मोजतात. आफ्रिकेतल्या हिवतापाच्या मृत्यूंत पाच वर्षांखालील मुलेच बहुसंख्य आहेत. म्हणून ‘ताप अंगवळणी पडू द्या’ हा सल्ला क्रूर आहे. रोग न भोगता संरक्षण मिळावे यासाठीच लस हवी. ऑक्सफर्डने विकसित केलेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या ‘आर २१’ या लसीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मुलांसाठी शिफारस केली.

महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यावर आहे. वर्ध्यात तो कमी आहे, म्हणूनच इथल्या बहुतेकांच्या अंगात ती अर्धी ढालही नाही. गडचिरोलीला कामाला जाणाऱ्याने मच्छरदाणीत झोपावे. परतल्यावर थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे आणि औषधाचा पूर्ण कोर्स करावा. लागण वेळीच ओळखली, तर तो परजीवी वर्ध्यातल्या डासांपर्यंत पोहोचणार नाही.