जुन्या जीपमधील गिअरबॉक्स बदल : एक तांत्रिक विवेचन

मंठा परिसरातील काळ्या मातीच्या वाटांवर पावसाळ्यात सावकाश, परंतु जोराने ओढणारे वाहन लागते. जुनी महिंद्रा जीप या कामास योग्य ठरते. विलिस सीजे-३बी घराण्यातील या जीपमध्ये टी-९० हा तीन गतींचा गिअरबॉक्स होता. त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्याने गाडी थांबविल्याखेरीज तो सहज पडत नाही. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १:१ असल्याने हमरस्त्यावर इंजिनाचे फेरे वाढतात.

पाच गतींच्या नव्या गिअरबॉक्समध्ये अखेरचे गुणोत्तर ०.८ असेल, तर त्याच वेगाला फेरे एक-पंचमांशाने घटतात. मात्र बेलहाउसिंग इंजिनाशी समकेंद्री असावे लागते. अन्यथा बेअरिंग लवकर झिजते. क्लच प्लेटच्या खाचाही शाफ्टशी जुळाव्या लागतात. नवा गिअरबॉक्स लांब असल्यास ट्रान्सफर केस मागे सरकते. परिणामी मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड व पुढचा लांब करावा लागतो.

वेग वाढला तरी ड्रम ब्रेक जुनेच राहतात, हे विसरून चालत नाही. तसेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे विचारणा करणे हितावह ठरते.