लुटुपुटूच्या लढाईतला साहेब

उन्हाळ्यात जर्मनीत संध्याकाळचे आठ वाजतात, तेव्हा हदगावात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. नांदेडहून यवतमाळकडे जाणारे ट्रक तेवढे ३६१ क्रमांकाच्या महामार्गावरून धावत असतात. बाकी गाव झोपलेलं. युरोपातल्या कितीतरी ऑनलाइन पलटणी, म्हणजे कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ मिळून खेळणारे गट, याच सुमारास मोहिमेला जमतात. हदगावच्या एखाद्या पोराने तशा पलटणीत नाव घातलं, तर हजेरीसाठी त्याला मध्यरात्र जागवावी लागेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची पलटण निवडली, तर पहाटे साडेपाचला, म्हशीच्या धारेच्या वेळी, कानाला हेडफोन लावून ‘हजर’ म्हणावं लागेल. एवढं करूनही लगेच बंदूक चालवायला मिळेल असं नाही. आधी रांगेत चालणं, नकाशा वाचणं आणि वायरलेसवर कमी शब्दांत बोलणं शिकावं लागतं. अधिकारी व्हायला तर महिनोन्‌महिने जातात. पगार नाही, पेन्शन नाही, छातीवर लावायला खरं पदकही नाही. तरी जगभरची माणसं त्या हुद्द्यासाठी धडपडतात, आणि ही धडपड मला पोरखेळ वाटत नाही.

अशा पलटणींचा मोठा आधार म्हणजे ‘आर्मा ३’ हा खेळ. प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो १२ सप्टेंबर २०१३ रोजी बाजारात आणला. आपल्या पोरांच्या मोबाइलवरच्या बीजीएमआयशी त्याची गल्लत करू नये. बीजीएमआयमध्ये शंभर जण विमानातून उड्या मारतात आणि अर्ध्या तासात निकाल लागतो. आर्मातली मोहीम दोन-तीन तास चालते, आणि त्यातला बराचसा वेळ चालण्यात, थांबण्यात, टेकडीआड पालथं पडून राहण्यात जातो. खेळाडूंनी स्वतः तयार केलेल्या जोडण्यांनी हा खेळ आणखी कठीण केला आहे. एका जोडणीमुळे वायरलेस खऱ्यासारखा वागतो. मध्ये टेकडी आली की आवाज खरखरतो आणि तुटतो. दुसरीमुळे जखमा खऱ्यासारख्या होतात. गोळी लागली की रक्त वाहत राहतं, पट्टा आवळावा लागतो, नाडी पाहावी लागते. मेलेल्याला लगेच दुसरा जन्म नसतो. बऱ्याच गटांत तो मोहीम संपेपर्यंत बाजूला बसून राहतो. मरण असं महाग झालं की माणूस मनानेच हुकमाची वाट पाहू लागतो.

हुद्द्याची शिडी खऱ्या फौजेसारखीच असते. नवा आलेला रंगरूट. मूलभूत प्रशिक्षण पुरं केलं की शिपाई. मग चार जणांच्या तुकडीचा म्होरक्या, त्यानंतर आठ-दहा जणांच्या सेक्शनचा कमांडर, आणि त्याच्यावर तीन सेक्शनची प्लाटून सांभाळणारा लेफ्टनंट. नेम अचूक असणाऱ्याला ही शिडी आपोआप चढता येत नाही. वरच्यांचं लक्ष भलत्याच गोष्टींवर असतं. हा वेळेवर येतो का? येणार नसेल तर आधी कळवतो का? गोळीबार सुरू झाला की याचा आवाज चढतो की उतरतो? नव्या पोराची चूक हा सगळ्यांदेखत काढतो की बाजूला घेऊन? एवढं पाहून झालं की त्याला एक छोटी मोहीम आखायला देतात. एखादा जुना अधिकारी तीत साधा शिपाई म्हणून भाग घेतो आणि मुकाट्याने पाहत राहतो.

खरी परीक्षा हुकूम देण्याची. ज्यांनी कॉलेजात एनसीसी केली आहे त्यांना हा भाग लगेच ओळखू येईल, कारण सेक्शन कमांडरचा तोंडी हुकूम तिथे ठरलेल्या पायऱ्यांनीच शिकवतात. आधी जमिनीवरच्या खुणा, मग खबर, मकसद, तरीका, मग इंतजामाच्या गोष्टी आणि इशारे. शेवटी विचारायचं, ‘कोई शक?’ ऑनलाइन पलटणींतही थोड्याफार फरकाने हाच क्रम असतो. समजा, आपल्या पोराला खोऱ्यातल्या पुलापर्यंत जायचं आहे. पुलावर जाऊ या, एवढं म्हणून भागत नाही. तो सांगतो: “समोर एकटं वडाचं झाड दिसतंय, ही पहिली खूण. झाडापासून दोन वाजता पडकी विहीर, ही दुसरी. शत्रूचे पाच-सहा जण विहिरीपलीकडे आहेत. पंधरा मिनिटांत पूल ताब्यात घ्यायचाय. पहिला सेक्शन झाडाआडून गोळीबार करून त्यांना गुंतवेल, दुसरा माझ्याबरोबर ओढ्यातून जाईल, तिसरा मागे राखीव. जखमींना झाडाखाली आणायचं. मी पडलो तर हुकूम दुसऱ्या सेक्शनचा कमांडर देईल. कोणाला काही विचारायचंय?” झाडाच्या बुंध्यावर घड्याळाची तबकडी ठेवली आहे असं समजून दिशा सांगायची ही ‘दोन वाजता’ची रीत एनसीसीतही घोकून घेतात.

त्या हुकमातलं ‘मी पडलो तर’ हे वाक्य हदगावात बसून देताना जास्तच खरं ठरतं. मोहीम ऐन रंगात आली असताना वीज जाते, राऊटर बंद पडतो, आणि तीस जणांचा लेफ्टनंट एका क्षणात पडद्यावरून नाहीसा होतो. आधीच वारस नेमून ठेवला असेल तर पलटण थांबत नाही. नसेल तर तीस जण गवतात बसून एकमेकांना विचारत राहतात. आपल्यावाचून अडू नये अशी व्यवस्था आपणच करून ठेवणं हे अधिकाऱ्याचं पहिलं काम, आणि आमच्या मराठवाड्यातला वीजपुरवठा ते कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर शिकवतो.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खऱ्या फौजेत हुकमामागे कायदा उभा असतो. इथे काहीच नसतं. हुकूम पटला नाही तर शिपाई एक बटण दाबून निघून जातो, परत येत नाही. अशा ठिकाणी तीस माणसं महिनोन्‌महिने एखाद्याचं ऐकतात, ती फक्त त्याच्यावरच्या विश्वासापायी. या मुलखाला हे नवं नाही. हदगावच्या उत्तरेला पैनगंगा. १९४८ पर्यंत नदीच्या अलीकडे निजामाची हद्द आणि पलीकडे वऱ्हाड. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. त्यांतली माणसं बहुतेक विद्यार्थी, शेतकरी, शिक्षक, वकील. कुठल्या अकादमीची पायरी न चढलेली. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ रोजी लुटली ती अशाच स्वयंसेवकांनी. त्यांना पगार देणारं आणि कोर्ट मार्शल करणारं कोणी नव्हतं. त्यांचे म्होरके लोकांनी मानले म्हणून म्होरके होते. त्या लढ्यात खरं रक्त सांडलं, त्याची आणि पडद्यावरच्या खेळाची बरोबरी करायची माझी इच्छा नाही. पण वर्दी आणि कायदा बाजूला काढला की हुकमत कशावर उभी राहते, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

खेळातून अधिकारी पारखण्याची कल्पना तर फारच जुनी. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या ‘परिशिष्टपर्वा’त चंद्रगुप्ताची कथा आहे. गावातली पोरं राजा-प्रजेचा खेळ खेळत होती आणि राजा झाला होता चंद्रगुप्त. चाणक्याने त्याच्यापुढे हात पसरून दान मागितलं. पोराने समोर चरणाऱ्या गावच्या गाई देऊन टाकल्या, आणि माझा हुकूम कोण मोडतो, अशा ऐटीत उभा राहिला. चाणक्याला हवा तो माणूस मिळाला.

ही पारख शास्त्रशुद्ध केली प्रशियाने. ब्रेस्लाऊचे फॉन राइसविट्झ हे मुलकी अधिकारी. त्यांनी १८१२ मध्ये राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमला एक भलंमोठं टेबल सादर केलं. त्यावर डोंगर, नद्या, गावं हवी तशी मांडता येत. त्यांचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने १८२४ मध्ये या खेळाचे नवे नियम छापले आणि टेबलाच्या जागी खरा लष्करी नकाशा आणला, १:८००० प्रमाणाचा. एक डाव म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. फाशांनी नुकसान ठरायचं, आणि मध्ये पंच बसायचा. खरी कमाल या पंचाची होती. शत्रूची जी तुकडी आपल्याला दिसूच शकत नाही, ती तो नकाशावर ठेवायचाच नाही. लेखी हुकूम त्याच्या हाती द्यायचा. स्वाराला घोड्यावरून पोचायला जितका वेळ लागेल, तितका तो अडवून धरायचा. अर्धवट माहिती आणि उशिरा पोचणारा शब्द, या दोन जाचांत माणूस निर्णय कसा घेतो ते पंचासमोर उघडं पडायचं. खेळ पाहायला बसलेले जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग सुरुवातीला थंड होते, पण पाहता पाहता रंगून गेले आणि ही तर युद्धाची शाळा आहे, अशी त्यांनी सगळ्या सैन्याकडे शिफारस केली. ती शाळा उघडणाऱ्या तरुण लेफ्टनंटने मात्र १८२७ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या खेळावर पुढच्या पिढ्यांचे सेनानी घडले, ते पाहायला तो राहिला नाही. आर्मातला खरखरणारा वायरलेस ऐकला की मला हटकून त्याच्या पंचाची आठवण होते.

कॉम्प्युटर आल्यावर फौजा पुन्हा खेळाकडे वळल्या. अमेरिकेच्या मरीन दलाने १९९६ च्या सुमारास ‘डूम २’ हा खेळ बदलून चार जणांच्या तुकडीच्या सरावाला घेतला. ‘आर्मा’च्या घराण्यातूनच ‘व्हर्च्युअल बॅटलस्पेस’ हा लष्करी सरावाचा खेळ निघाला आणि तो अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाच्या सैन्यांनी वापरला. अमेरिकी सैन्याने ४ जुलै २००२ रोजी स्वतःचा ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ फुकट वाटला. त्यात वैद्यकीय जवान व्हायचं तर पडद्यावरच्या वर्गात बसून प्रथमोपचाराचा धडा ऐकावा आणि परीक्षा द्यावी लागे. २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एक गाडी उलटली. खेळात हा धडा घेतलेल्या एका तरुणाने आतल्या दोघांना बाहेर काढलं आणि बोटं तुटलेल्या एकाचा हात टॉवेलने दाबून वर धरून ठेवला. वैद्यकीय शिक्षण त्याने दुसरीकडे कधीच घेतलं नव्हतं.

आपल्याकडे भूमिका वठवून अधिकारी निवडण्याची जागा म्हणजे एसएसबी, सैन्याचं सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. पद्धत ब्रिटिशांची. १९४२ मध्ये एडिनबरोत मनोविकारतज्ज्ञ बिऑन यांनी नेता न नेमलेल्या गटापुढे काम टाकून कोण पुढे येतो ते पाहायला सुरुवात केली, आणि वर्षभरात हा प्रकार भारतात आला. आजही पाच दिवस तो चालतो. एका परीक्षेत मातीच्या नमुन्यावर नदी, रेल्वे, दवाखाना, जंगल मांडलेलं असतं. गोष्ट सांगतात: तुम्ही मित्र सहलीला निघाला आहात, वाटेत कळतं की रूळ उखडायचा कट शिजतोय, त्याच वेळी नदीत होडी बुडते आहे, आणि जवळच कोणी जखमी पडला आहे. गाडी एक, वेळ थोडा. काय कराल? दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या मराठी पोराला हे चित्र परकं वाटू नये.

हदगावातून एसएसबीच्या मैदानापर्यंत जायच्या वाटा ठाऊक असलेल्या बऱ्या. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. राज्य सरकारने १९७७ मध्ये ती काढली, आणि मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. बारावीच्या आगेमागे एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा. लेखीला ९०० गुण आणि एसएसबीलाही ९००, यावरूनच या पाच दिवसांचं वजन कळावं. खडकवासल्यातून मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली. पदवीनंतर एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत हाती असेल, तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीचं बोलावणं येऊ शकतं.

आई-वडिलांसाठीही दोन गोष्टी. पडद्यावरचा लेफ्टनंट पडद्यावरच राहिला पाहिजे. लष्करात नसताना आपण जवान आहोत असं लोकांना वाटावं म्हणून तसा पोशाख करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत तो कलम १४० होता. आणि घरात कोणी खरोखर फौजेत असेल, तर त्याची पलटण कुठे आहे, सुट्टीवर कधी येणार, हे खेळातल्या दोस्ताला कधीही सांगू नये, तो कितीही जवळचा झाला तरी.

एसएसबीच्या मैदानावर मात्र रात्रीच्या पलटणीतलं सगळंच कामी येतं असं नाही. आठ-दहा जणांच्या गटाला एक फळी, एक बल्ली, एक दोरी आणि एक बोजा देतात. लाल रंगाला कोणी आणि काहीही टेकायचं नाही. चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून पार करायचं नाही, मध्ये पूल करायचा. दोन वस्तू एकमेकींना कडक बांधून लांब करता येत नाहीत. शांत आवाज, कमी शब्द, मागे राहिलेल्याची आठवण, हे पोराने हेडफोन लावून शिकलेलं असतं. पण फळी भिजलेली असते, ती घामेजल्या हातातून निसटते, आणि ती पेलताना शेजारच्याचा खांदा किती टेकला आहे ते आवाजावरून कळत नाही, वळून पाहावं लागतं. सगळे पलीकडे पोचले तरी काम संपत नाही. शेवटचा माणूस फळी, बल्ली, दोरी मागून ओढून घेतो, कोणीतरी बोजा उचलतो, आणि पुढच्या अडथळ्याला पुन्हा पहिली फळी कुठे टाकायची ते ठरू लागतं.