‘प्रायश्चित्त’ आणि ‘समेट’ : एका ख्रिस्ती कल्पनेचा व्यवहारातील अर्थ

ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाने मनुष्य व परमेश्वर यांच्यामधील दुरावा नाहीसा झाला, ही ख्रिस्ती धर्मविचारातील मध्यवर्ती कल्पना होय. मराठीत तिच्यासाठी एकच एक शब्द रूढ नाही. प्रचलित मराठी बायबलात, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘प्रायश्चित्त’, तर पाचव्या अध्यायात ‘समेट’ हा शब्द योजिला आहे. या दोन शब्दांतील अंतर ध्यानी घेतले, म्हणजे ही कल्पना नित्याच्या आचरणात कशी उतरते, याचा पुष्कळसा उलगडा होतो.

मूळ ग्रीकमध्येही हे दोन शब्द भिन्नच आहेत. पहिला ‘हिलास्तेरिऑन’. यहुद्यांच्या वार्षिक प्रायश्चित्तदिनी ज्या दयासनावर रक्त शिंपडीत, त्याचे हे ग्रीक नाव. दुसरा ‘कातालागे’. त्याचा मूळ अर्थ अदलाबदल. नाणी बदलून देणे, असाही. त्यावरून वैराच्या जागी सख्य येणे, हा अर्थ निघाला. विल्यम टिंडेल याने 1526 च्या इंग्रजी नव्या करारात या दुसऱ्या शब्दासाठी ‘अटोन्मेंट’ हा शब्द घातला. ‘अॅट वन’, म्हणजे ‘एक झालेले’, या शब्दसमूहापासून तो बनलेला आहे.

आता मराठीतील क्रियापदे पाहावीत. प्रायश्चित्त ‘घेतात’ किंवा ‘करतात’, आणि ते ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायातही कर्ता दोषी पुरुषच आहे. समेट मात्र एकट्याला घेता येत नाही. तो दोघांत ‘होतो’. ख्रिस्ती कल्पनेत प्रायश्चित्त दुसऱ्यानेच केलेले असल्यामुळे साहजिकच प्रश्न उद्भवतो : मग दोषी माणसाने करावयाचे असे काय उरले?

शुभवर्तमानांतील उत्तर असे की, समेट उरला. वेदीपाशी अर्पण आणिले असता आपल्या भावाचे मन आपल्याविषयी दुखावलेले आहे असे स्मरले, तर अर्पण तेथेच ठेवून प्रथम त्याच्याशी समेट करावा, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जकातदार जक्कय अन्यायाने घेतलेले चौपट परत करावयास सिद्ध होतो. मोशेच्या नियमशास्त्रात, गणनेच्या पाचव्या अध्यायात, मुद्दल व वर पंचमांश एवढीच भरपाई सांगितली आहे. येथे क्रम महत्त्वाचा आहे. येशू आधी त्याच्या घरी उतरतो. परतफेडीची भाषा नंतर येते. म्हणजे परतफेड हे क्षमेचे मूल्य नव्हे, तर फळ होय.

अर्वाचीन काळात याचे एक बोलके उदाहरण जर्मनीत सापडते. लोटार क्रायसिग या न्यायाधीशाने 1940 मध्ये मनोरुग्णांच्या हत्येस विरोध केला व त्यापायी पद गमावले. त्याने 1958 साली बर्लिन येथील धर्मपरिषदेत एक आवाहन वाचले. युद्धाचा आरंभ आम्ही जर्मनांनी केला. ज्या राष्ट्रांना आम्ही छळले, त्यांनी आमच्या हातांनी त्यांच्या भूमीवर काही चांगले काम करण्याची आम्हांस अनुज्ञा द्यावी, असा त्याचा आशय होता. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘आक्त्सिओन ज्यूनेत्साइखेन’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी नॉर्वे, इस्राएल इत्यादी देशांत कामे केली. नोव्हेंबर 1940 मध्ये जर्मन बाँबहल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्री येथील कॅथीड्रलच्या अवशेषांतही ते 1961 मध्ये राबले. फ्रान्समधील तेझे येथील समेटाचे मंदिर 1962 मध्ये त्यांच्याच हातून पुरे झाले.

संस्थेच्या नावातील ‘ज्यूने’ म्हणजे प्रायश्चित्त. समेटवाचक ‘फेरज्योनुंग’ हा जर्मन शब्द त्याच धातूपासून आला आहे. ‘त्साइखेन’ म्हणजे चिन्ह. आपण प्रायश्चित्त पुरे केले असा दावा त्यात नाही; मृतांचे ऋण विटा रचून फिटत नाही. शिवाय आपले काम ‘साहाय्य’ म्हणून त्यांनी पुढे केले नाही. साहाय्य देणारा वरचढ असतो, तर अनुज्ञा मागणाऱ्यास नकारही ऐकावा लागतो.

घरी, कचेरीत वा शेताच्या बांधावर हाच विचार लागू पडतो. अपराधाचा स्पष्ट उच्चार करावा, घेतलेले परत करावे, आणि क्षमा मात्र हक्काने मागू नये. देवाने क्षमा केली, एवढे सांगून दुखावलेल्या शेजाऱ्याची वाट टाळणे म्हणजे प्रायश्चित्त हा शब्द ठेवून समेट हा शब्द पुसून टाकणे होय. ख्रिस्ती शास्त्रात ते दोन्ही शब्द एकाच पत्रात आले आहेत, ही गोष्ट विसरता येत नाही.