आजीची रोजकीर्द आणि काटकसरीचा पुरा हिशेब

दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक निघाली. तिच्यात लाल कापडी बांधणीच्या अकरा वह्या होत्या. आजीच्या हातच्या रोजकीर्दी. पहिली 1954 ची, शेवटची 1966 ची, मधल्या दोन वर्षांच्या गायब. मंडळाच्या बैठकीत त्या घेऊन गेलो तेव्हा बहुतेकांनी आधी भाव विचारले. तूप काय भाव होतं, सोनं काय भाव होतं! साहजिकच आहे. पण मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, मला भावापेक्षा नोंदींची पद्धत आधी दिसते. महिना-दोन महिने वह्या वाचल्यावर मनात आलं की, हे सगळं आजही जमेल का? मग ठरवलं, गुढीपाडवा ते गुढीपाडवा, एक वर्ष घर जमेल तितकं या वह्यांच्या रीतीने चालवून बघायचं. घरात माणसं तीन: मी, बायको आणि 84 वर्षांची आई. त्या वर्षात जे समजलं ते इथे मांडतो.

वही वाचायची कशी

डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला खर्च, आणि रक्कम रुपये-आणे-पै अशी तीन घरांत. 12 पैंचा आणा, 16 आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाच्या 192 पै. बेरीज बारा-बाराने आणि सोळा-सोळाने. दिवसाअखेर शिल्लक जुळली नाही तर आजी तिथे फुली मारून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शोध लावायची.

1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, रुपयाचे 100 नवे पैसे झाले, आणि वहीत गंमत सुरू झाली. एक आणा म्हणजे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचं नाणं नाही, त्यामुळे आण्याला सहाच मिळायचे. पावली म्हणजे चार आणे मात्र बरोबर 25 नवे पैसे. आजीने काय केलं, तर भाजीवालीचा रोजचा आण्या-दोन आण्यांचा व्यवहार बंद करून तो पावलीवर आणला, म्हणजे पाव पैसाही बुडायला नको. तिचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. बडोदे संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आधी 1893 मध्ये अमरेली भागात आणि मग 1906 मध्ये सगळीकडे लागू झालं. सयाजीराव महाराजांच्या त्या शाळांचा उपयोग कुठे झाला हे पाहायचं असेल, तर अशा वह्यांमध्ये दिसतो.

एका लुगड्याचं आयुष्य

काटकसर म्हटली की आपल्याला कमी खर्च करणं आठवतं. वहीत वेगळंच दिसतं. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूची पुढची जागा आधीच ठरलेली असे.

नऊवारी लुगडं घ्या. ते बसण्या-उठण्याने मधल्या भागात आधी विरतं, दोन्ही टोकांचं कापड चांगलं राहतं. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि चांगली टोकं एकमेकांना जोडायची. याला दांड घालणं म्हणतात. दांड घातलेलं लुगडं घरात नेसायचं, बाहेर नाही. तेही थकलं की मऊ भाग बाळाच्या दुपट्याला, बाकीचा गोधडीच्या आत, उरलेल्या चिंध्या भांडी पुसायला आणि शेवटी पोतेऱ्याला. वहीत "दांड – दोरा" अशी नोंद वर्षातून दोन-तीनदा येते, नवीन लुगड्याची मात्र फारच क्वचित.

जरा बरे कपडे बोहारणीला जात. आजी तिला बोहारीणच म्हणायची, आम्ही मुलं इथल्या सवयीने वासणवाळी म्हणायचो. एका नोंदीत "लुगडी 3, धोतर 1 – पातेले 1" असं लिहिलंय आणि रकमेचं घर रिकामं आहे. पैसा हलला नाही, म्हणून आकडा नाही. पण वस्तू हलली, म्हणून नोंद आहे. बँकेतल्या माणसाला हे फार आवडलं.

कल्हईचंही तसंच. पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल असं आंबट ठेवलं की ते कळकतं आणि पोटाला बाधतं. म्हणून भांडं तापवून, नवसागर टाकून, आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. भांडं तेच, फक्त कल्हई पुन्हा पुन्हा. आमच्या आजीच्या लग्नातली दोन पातेली आजही घरात आहेत.

बडोद्याची भर

आमची माणसं इथे आली ती आपापल्या गावच्या रीती घेऊन. पण वह्यांत बडोद्याची भर स्पष्ट दिसते, आणि ती गव्हाच्या नोंदीत सर्वांत जास्त. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरायचा आणि त्याला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळायचं. ही शेजारच्या गुजराती घरांची रीत. माझी आई फेब्रुवारी 1960 मध्ये लग्न होऊन नाशिकहून आली. सून झाली मुंबई राज्यातल्या बडोद्याची आणि 1 मेपासून राहायला लागली गुजरात राज्यात. तिने गव्हाला तेल लावताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, या घरात सगळ्या गव्हाची एकदम पुरीच करतात की काय!

कारण साधं आहे. तेलाचा पातळ लेप बसला की किड्यांना दाण्यावर अंडी घालणं जमत नाही, आणि घातलेल्या अंड्यांना हवा मिळत नाही. मी 20 किलोच्या मणाला साधारण सव्वाशे ग्रॅम दिवेल घेतलं. गहू निवडून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, हाताने चोळून कोठीत भरला. तीन मण गहू, तीन कोठ्या. दोन कोठ्या वर्षभर उत्तम राहिल्या. तिसरीला श्रावणात टोके लागले. आईला विचारलं तर म्हणाली, "उन्हातून आणला आणि तसाच गरम भरलास ना? रात्रभर पसरून गार करायचा असतो. गरम धान्याला कोठीत घाम येतो." हे वहीत कुठेच नव्हतं. वहीत फक्त "दिवेल" एवढाच शब्द आहे.

जळण आणि पाणी

सरपण आणि कोळसा हा वहीतला मोठा खर्च, म्हणून स्वयंपाकाचा क्रमच जळणावर बेतलेला. डाळ-कडधान्य रात्री भिजत. सकाळी शेगडी पेटली की आधी वरण-भात, मग भाजी, मग पोळ्या, आणि शेवटच्या निखाऱ्यांवर दूध. आधण ठेवलं की त्यावर झाकण पाहिजेच. भात पाऊण शिजला की पातेलं उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळायचं, उरलेला तो आपल्याच उष्णतेवर शिजतो. राखही फुकट नाही, तिने भांडी घासायची.

हे मी गॅसवर करून पाहिलं. भिजवणं, झाकण, गोधडीतला भात आणि एकदा गॅस पेटवला की सगळं ओळीने उरकणं, एवढंच. 14.2 किलोचं सिलिंडर आम्हाला 38 दिवस जायचं, ते 47 दिवस जायला लागलं. ही बचत खरी आहे आणि तिला कष्टही फारसे नाहीत.

पाण्याचं थोडं निराळं. आजवा तलावाचं, म्हणजे सयाजी सरोवराचं, पाणी 1892 पासून नळाने शहरात आलं. त्यामुळे आजीच्या काळी विहिरीवरून पाणी ओढायचा ताण शहरात कमी झाला होता. तरी तांदळाचं धुवण तुळशीला आणि भांड्यांचं विसळण अंगणात, ही सवय सुटली नव्हती.

आणि शिळ्याबद्दल एक गैरसमज. फोडणीची पोळी, फोडणीचा भात हे होतंच; पण फ्रीज नसताना बडोद्याच्या उन्हाळ्यात शिळं टिकत नाही. त्यामुळे खरी काटकसर शिळं संपवण्यात नव्हती, मोजून शिजवण्यात होती. "जेवायला किती जण?" हे विचारल्याशिवाय तांदूळ धुतले जात नसत.

आईचा प्रश्न

दिवाळीनंतर मी मोठ्या उत्साहाने सहामाही हिशेब आईसमोर ठेवला. इतकी बचत, तितकी बचत. तिने चष्मा लावून सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "अरे, ती लिहायची, करायचो आम्ही. मी आणि मोठ्या जाऊबाई. सरपणाचा पै-पैचा हिशेब आहे वहीत. माझी दुपार कुठल्या पानावर आहे ते दाखव."

मी खरोखरच वह्या पुन्हा चाळल्या. दळणाचे पैसे आहेत, कल्हईचे आहेत, मोलकरणीचा पगारसुद्धा आहे. पण गहू निवडणं, पापड लाटणं, कुरड्यांचा गहू तीन दिवस भिजवून त्याचा चीक काढणं, सांडगे घालणं, गोधडी शिवणं याची एकही ओळ नाही. पैसा लागत नव्हता, म्हणून खर्चही नाही. बोहारणीच्या पातेल्याची नोंद करणाऱ्या आजीला सुनांच्या तासांची नोंद करावीशी वाटली नाही. तिच्या सासूनेही तिची केली नसणार.

त्यानंतर मी वहीत चौथं घर आखलं: तास. आणि कामं स्वतः करायला लागलो. एक गोधडी धावदोऱ्याने शिवायला मला 61 तास लागले. शेजारच्या वहिनींना दाखवली तर हसल्या, पण पांघरायला उबदार आहे. घरचे पापड दोन किलो उडदाचे, तिघांचे मिळून 14 तास. या कामाला मोल आहे हे आपल्या शहराला पूर्वीच कळलं होतं, हेही इथे सांगायला हवं. महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय 1914 मध्ये सुरू झालं. जे काम घरात हिशेबाबाहेर होतं, ते तिथे केलं की बाईच्या हातात पैसे येत. पुढे 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या आणि त्यांच्या काळात गृहविज्ञानाची शाखा सुरू झाली. घर चालवणं हा अभ्यासाचा विषय आहे, हे तिथे मान्य झालं. आमच्या घरापासून हे सगळं काही अंतरावर होतं. वहीत मात्र ते पोचलं नाही.

आईला त्या दिवसांचा रागच आहे असं नाही. गोधडी शिवायला दुपारी ओट्यावर चार घरच्या बायका जमायच्या, तिथेच ती गुजराती शिकली, हे ती आजही आनंदाने सांगते. "काम जड नव्हतं रे," ती म्हणाली, "पण नाही म्हणायची सोय नव्हती."

वर्षाअखेर काय उरलं

पाडव्याला तिघांनी बसून ठरवलं. रोजकीर्द चालू ठेवायची, तास लिहून. भिजवणं, झाकण, मोजून शिजवणं चालू. गहू दोनच मण, दिवेल लावून आणि रात्रभर गार करून. ते काम माझं. फाटलेलं शिवून घ्यायचं, कल्हई करून घ्यायची, आणि करणाऱ्याशी घासाघीस करायची नाही. पापड-कुरड्या विकत आणायच्या, आणि कोण करतं हे माहीत असेल तिथूनच आणायच्या. गोधडी एवढीच, पुढची नाही, असं बायकोने सांगितलं. मला शिवताना तिची बैठकीची खोली सहा आठवडे अडली होती, तेही मी वहीत लिहिलेलं नव्हतं.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशा वह्या असतील. पस्तीवाल्याला देण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा. आणि त्या घरात सून म्हणून आलेली, आज ऐंशीच्या पुढची कोणी बाई हयात असेल, तर वही तिच्यासमोर उघडा आणि तिला विचारा, या पानावर काय लिहायचं राहिलं? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत समासात लिहून घ्या, तारीख घालून. आमच्या अकरा वह्यांवर ते काम आता चालू आहे. आईने आजवर चार पुऱ्या केल्यात. 1960 ची वही तिने अजून उघडू दिलेली नाही. म्हणते, ती सावकाश घेऊ.