सुजलेल्या बोटांस बर्फ नको

देवरी किंवा सालेकसा भागांतील एखादी माता, हातापायांचीं बोटें सुजलेलें वर्षाचें मूल घेऊन रुग्णालयांत येते. शिकाऊ परिचारिकेचा हात प्रथम बर्फाकडे जातो. सूज म्हटली कीं बर्फ, हें तिनें पाठ केलेलें असतें. गोंदिया जिल्ह्यांत मात्र तिनें आधीं सिकलसेलची शंका घ्यावी.

या आनुवंशिक विकारांत प्राणवायु कमी पडतांच तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडीनें वाहिन्या आकसल्या कीं कोंडी वाढते. म्हणून ऊब द्यावी, पाणी वारंवार पाजावें, लिहून दिलेलें वेदनाशामक वेळेवर द्यावें. रोगी निपचित पडला म्हणजे दुखणें थांबलें, असें मानूं नये. १०१ अंशांचा ताप, जलद श्वास, छातींत कळ किंवा एकाएकीं वाढलेली प्लीहा आढळल्यास डॉक्टरांस तत्काळ बोलवावें.

२०२३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनें ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी योजिली. प्राथमिक चाचणींत द्राव गढूळ झाला, तरी वाहक कोण व रोगी कोण हें इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढील तपासणीनेंच ठरतें. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हें उपवर मुलीच्या घरीं सांगतांना तिची खरी परीक्षा होते. तिला गुण देणारा तेथें कोणी नसतो.